देणेकरी गेला, चकती उरली

माझ्या वकिलीच्या मेजावर पितळी पेपरवेटाशेजारी एक लहानशी वाटोळी चकती गेली कित्येक वर्षे पडून आहे. माझे मामा मुरगावहून जहाजावर नोकरीस गेले होते. बंदरोबंदरी फिरताना सॅन फ्रान्सिस्कोतील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ती त्यांनी घेतली आणि सुटीवर घरी आले तेव्हा माझ्या हातावर ठेवली. तिच्यावर पाचाचा आकडा आहे आणि 'हॅरॉल्ड्स क्लब, रीनो' एवढी अक्षरे आहेत. कामासाठी येणारे पक्षकार बोलता बोलता ती उचलतात, उलटसुलट करून पाहतात आणि हमखास विचारतात, "हे नाणे कुठल्या देशाचे?"

हे नाणे नव्हे, असे मी त्यांस सांगतो. पण मग हे काय आहे, या प्रश्नाचे उत्तर देताना मला नेहमी थोडे थांबावे लागते. अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या जुगारगृहांत रोख पैशाऐवजी वापरावयाची ही 'चिप' होय. खेळणाराने खिडकीवर पैसे भरावयाचे, त्याबदली चकत्या घ्यावयाच्या, पटावर त्याच लावावयाच्या आणि जाताना उरल्यासुरल्या परत देऊन पैसे न्यावयाचे. कायद्याच्या भाषेत सांगावयाचे तर ती हुंडीच्या जातीची वस्तू आहे. परंतु तीवर सही नाही, तारीख नाही, घेणाऱ्याचे नाव नाही. नेव्हाडाच्या जुगार आयोगाच्या बाराव्या नियमावलीत तिची मोठी मार्मिक व्याख्या केलेली आहे. चकती ही केवळ मूल्याची निदर्शक असून, ती ज्याच्या हाती असेल त्यास ती देणारा परवानाधारक तेवढे देणे लागतो, याचा ती पुरावा आहे. मात्र चकतीची मालकी त्या परवानाधारकाकडेच राहते, असा त्या नियमाचा आशय आहे. म्हणजे धरणारा तो नुसता राखणदार.

आता माझ्या चकतीची गोष्ट पाहा. हॅरॉल्ड्स क्लब १९३५ साली निघाला, १९९५ साली बंद पडला आणि १९९९ च्या डिसेंबरात त्याची इमारतही पाडली गेली. देणेकरी गेला, दुकान गेले, खिडकी गेली. देण्याचा पुरावा तेवढा माझ्या मेजावर उरला. व्यवहारी माणूस म्हणेल, हे बुडीत खाते, फेकून द्या. परंतु जगात अशा बुडीत चकत्या हौसेने जमविणारे, त्यांच्या याद्या करणारे आणि एकेका चकतीसाठी जुनी दप्तरे धुंडाळणारे लोक शेकड्यांनी आहेत. हा केवळ छंद नव्हे. ज्या क्लबांचा इतिहास लिहिण्याची कोणास गरज वाटली नाही, त्यांच्या इतिहासाचे हे जतन आहे, आणि त्यात आपणही विचार करण्याजोगे काही आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

नेव्हाडा हा मुलूख म्हणजे उघडे डोंगर आणि वाळवंट. १८५९ साली तेथे 'कॉमस्टॉक' नावाची चांदीची प्रचंड खाण सापडली आणि व्हर्जिनिया सिटीसारखी गावे पाहता पाहता वसली. खाणकामगार आला की दारूचे दुकान आले, आणि दुकानात पत्त्यांचा 'फॅरो' नावाचा खेळ आला. १८६१ साली प्रदेशाच्या पहिल्याच विधिमंडळाने गव्हर्नर जेम्स नाय यांच्या आग्रहावरून जुगारास बंदी केली. १८६४ साली नेव्हाडा राज्य झाले आणि १८६९ साली विधिमंडळाने गव्हर्नर ब्लॅस्डेल यांचा नकाराधिकार डावलून जुगार परवान्याखाली मोकळा केला. चाळीस वर्षांनी वारे पुन्हा फिरले. १९०९ साली बंदीचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९१० पासून तो अमलात आला. बंदीने खेळ थांबला नाही, मागच्या खोलीत गेला, हे सांगावयास नकोच. शेवटी १९३१ साली दार पुन्हा उघडले आणि त्यानंतर ते लागलेले नाही.

या हेलकाव्यांचे आपल्या वाचकांस नवल वाटू नये. मनूने राजास सांगितले की, द्यूत राज्यातून समूळ काढून टाक. कौटिल्याने मात्र द्यूताध्यक्ष नेमून खेळ एकाच ठिकाणी व्हावा, फासे व कवड्या अध्यक्षानेच पुरवाव्यात आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच राजाने घ्यावेत, अशी व्यवस्था सांगितली. एकाने पाप पाहिले, दुसऱ्याने पापाचे नियमन आणि उत्पन्न पाहिले. नेव्हाडाच्या विधिमंडळाने सत्तर वर्षांत या दोन्ही मतांची आलटून पालटून परीक्षा घेतली, इतकेच.

१९३१ च्या कायद्यामागील कारण सरळ होते. मंदीचा काळ होता, खाणी थंडावल्या होत्या, आणि १९३० च्या जनगणनेप्रमाणे अवघ्या राज्याची लोकसंख्या ९१,०५८ होती. हंबोल्ट परगण्याचे पशुपालक सभासद फिल टोबिन यांनी विधेयक आणले आणि गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी १९ मार्च १९३१ रोजी त्यावर सही केली. पत्त्यांच्या मेजास महिना २५ डॉलर, इतर खेळास ५० डॉलर, खटका ओढून खेळावयाच्या यंत्रास दर खटक्यामागे १० डॉलर, असे शुल्क ठरले. वसूल करणारा परगण्याचा शेरीफ. त्यातील पाव हिस्सा राज्याचा आणि बाकीचा स्थानिक तिजोरीचा. म्हणजे जुगार मोकळा झाला तो कोणा तत्त्वज्ञानाने नव्हे, तर शाळा आणि रस्ते यांच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी. त्याच वर्षी घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची अट सहा आठवड्यांवर आणली गेली. ज्या राज्यात पीक येत नव्हते, त्याने कायद्याचेच पीक घेतले, असे म्हटले तरी चालेल.

लास व्हेगस त्या वेळी ५,१६५ वस्तीचे रेल्वेचे गाव होते. तेथील पहिला परवाना दुसऱ्याच दिवशी, २० मार्च १९३१ रोजी, फ्रीमाँट रस्त्यावरील 'नॉर्दर्न क्लब'ला मिळाला आणि तो मेमी स्टॉकर या गृहिणीच्या नावाचा होता. त्यांचे यजमान रेल्वेत नोकरीस होते; नोकराने असला धंदा करणे रेल्वेस मान्य नव्हते, म्हणून परवाना पत्नीच्या नावे. आपल्याकडे नोकरदाराच्या पत्नीच्या नावे निघालेली दुकाने आठवली की ही युक्ती परकी वाटत नाही. त्याच वर्षी गावापासून काही मैलांवर कोलोरॅडो नदीवर, पुढे हूव्हर धरण या नावाने प्रसिद्ध झालेल्या धरणाचे काम सुरू झाले. मजुरांसाठी केंद्र सरकारने वसविलेल्या बोल्डर सिटीत जुगारास मनाई होती. तेथे ती आजही आहे. पगाराच्या दिवशी मजूर कोठे जात, हे वेगळे सांगावयास नको. फ्रीमाँट रस्त्यावरचे नॉर्दर्न, बोल्डर, लास व्हेगस इत्यादी क्लब त्या पगारावर उभे राहिले. दिव्यांच्या झगमगाटाची हॉटेले मागाहून आली. शहराबाहेरच्या हमरस्त्यावरील पहिले 'एल रांचो व्हेगस' १९४१ साली उघडले आणि १९६० साली आगीत भस्मसात झाले.

तथापि त्या काळचे खरे केंद्र उत्तरेकडील रीनो. तेथील 'बँक क्लब' बिल ग्रॅहम व जिम मॅके या जोडीचा. दोघेही बंदीच्या काळापासून नाव कमावलेले. त्यांच्यावर टपालातून फसवणुकीचा खटला चालू असताना, बँकेतला रोखपाल रॉय फ्रिश, जो सरकारपक्षाचा महत्त्वाचा साक्षीदार होता, तो १९३४ च्या मार्चमध्ये एका रात्री घराकडे येताना नाहीसा झाला. त्याचा पत्ता आजवर लागलेला नाही, आणि त्याबद्दल कोणावर गुन्हाही शाबीत झालेला नाही. ग्रॅहम व मॅके यांस फसवणुकीबद्दल शिक्षा झाली ती तिसऱ्या सुनावणीनंतर, १९३८ साली. बँक क्लबची एखादी जुनी चकती कोणी हौसेने दाखविली, तर तिच्या पाठीशी एक न परतलेला माणूस उभा आहे, हे विसरता कामा नये.

हॅरॉल्ड्स क्लबची तऱ्हा निराळी होती. रेमंड स्मिथ आणि त्यांची मुले यांनी अंधारी खोली, दारावरचा पहारेकरी, कुजबुज हे सारे मोडून काढले. क्लब रस्त्यावरून आत दिसेल असा ठेवला, पटावर स्त्रिया नेमल्या, आणि आपल्या क्लबाच्या जाहिरातीचे फलक देशभर हमरस्त्यांच्या कडेने उभे केले. आरंभी गिऱ्हाईक ओढण्यासाठी फिरत्या चाकाच्या भोकांत उंदीर सोडून त्यावर पैजा लावण्याचा खेळही त्यांनी थोडे दिवस केला. जुगार ही गुन्हेगारांची चीज न राहता प्रवाशांची करमणूक झाली, ती मुख्यत्वे अशा क्लबांमुळे. हे चांगले झाले की वाईट, याचा निकाल मी देत नाही. परंतु घडले ते असे.

आता वकिलास सर्वांत आश्चर्यकारक वाटावी अशी गोष्ट सांगतो. नेव्हाडात जुगार कायदेशीर होता, त्यावर शुल्क होते, १९४५ पासून राज्य ढोबळ उत्पन्नावर शेकडा एक कर घेत होते, आणि तरीही जुगारातले देणे त्या राज्याच्या न्यायालयात वसूल होत नव्हते! इंग्लंडच्या ॲन राणीच्या काळचा, १७१० सालचा, जुगाराचे ऋण निष्फळ ठरविणारा कायदा नेव्हाडाच्या न्यायालयांनी आपल्या सामान्य कायद्याचा भाग मानला होता. १९५० साली एका क्लबाने एका मृत गिऱ्हाइकाच्या मिळकतीतून आपले देणे मागितले. सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. १९५८ साली उलट बाजूने प्रश्न आला. लास व्हेगसच्या फ्रीमाँट हॉटेलात 'कीनो' खेळात जिंकल्याचे सांगून एका खेळाडूने रक्कम मागितली. न्यायालयाने त्यालाही दार बंद केले. उधारीच्या लेखी चिठ्ठ्या वसूल होऊ लागल्या आणि खेळाडूंच्या तक्रारी मंडळापुढे नेण्याची रीतसर सोय झाली, ती १९८३ च्या कायद्याने.

याज्ञवल्क्याची दृष्टी या बाबतीत अधिक न्याय्य होती, असे मला वाटते. राजास त्याचा हिस्सा मिळालेला असेल, खेळ उघड जागी आणि सभिकाच्या देखरेखीखाली झाला असेल, तर जिंकलेले द्रव्य राजाने देववावे, एरवी देववू नये, असे त्याने सांगितले. हिस्सा घ्यावयाचा तर जबाबदारीही घ्यावी, हा त्याचा न्याय. नेव्हाडाने पहिली गोष्ट १८६९ साली आणि पुन्हा १९३१ साली केली. दुसरीस १९८३ उजाडावे लागले. आपल्याकडे करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार १८७२ पासून निरर्थक आहे, आणि १९५९ साली घेरूलाल पारख यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असा करार निरर्थक असला तरी बेकायदा वा अनीतिमूलक ठरत नाही, असा बारीक भेद केला. असो. सांगावयाचे ते एवढेच की, माझ्या मेजावरील चकती जेव्हा घडविली गेली, तेव्हा तिच्या पाठीशी न्यायालय उभे नव्हते. पाठीशी होता तो क्लबाचा शब्द. आज शब्द मोडला तर उद्या गिऱ्हाईक नाही, ही एकच भीती त्या शब्दाला बांधून ठेवीत होती.

असा शब्द ज्या वस्तूवर छापावयाचा, ती वस्तू नकली होऊन चालत नाही. एकोणिसाव्या शतकात हाडाच्या, हस्तिदंताच्या, शिंपल्याच्या चकत्या होत्या. पुढे मातीच्या मिश्रणाच्या आल्या: माती, खनिजांची भुकटी आणि त्यांस धरून ठेवणारे द्रव्य एकत्र मळून, तापवून, साच्यात दाबून केलेल्या. व्यास साधारण ३९ मिलिमीटर. कडेला वेगळ्या रंगाचे तुकडे बसवीत, म्हणजे चळत रचली असता रंगाची उभी रेघ दिसावी आणि परकी चकती घुसली तर दुरूनच डोळ्यांत भरावी. मध्यभागी नाव व आकडा, आणि सभोवार दाबून उमटविलेली नक्षी. ही नक्षी घडविणाऱ्या कारखान्याची खूण असे. लॉस एंजेलिसच्या टी. आर. किंग कंपनीच्या चकत्यांवर लहान किल्ल्यांची माळ दिसते. १९६३ साली लास व्हेगसमध्ये निघालेल्या पॉल-सन कंपनीची खूण उंच टोपी आणि काठी. फिरत्या चाकावरील चकत्यांवर बहुधा आकडा नसे. प्रत्येक खेळाडूस वेगळा रंग देत आणि त्याचे मोल तेथल्या तेथे ठरे.

एक डॉलरच्या चकत्या जुन्या काळी फारशा आढळत नाहीत, याचेही कारण मनोरंजक आहे. नेव्हाडाच्या पटांवर तेव्हा खरे चांदीचे डॉलर खुळखुळत असत. १९६४ च्या मार्चमध्ये सरकारी खजिन्याने ते देणे बंद केले आणि पुढील वर्षी फ्रँकलिन मिंट या टाकसाळीने क्लबांसाठी धातूचे बिल्ले पाडण्यास आरंभ केला. चांदी गेली आणि बिल्ला आला; क्लबांच्या इतिहासातील एक युगच त्या दोन वर्षांत पालटले. ज्यास हे ठाऊक आहे तो नुसत्या आकड्यावरून चकतीचा काळ अदमासू शकतो.

येथून संशोधकाचे काम सुरू होते. चकतीवर पुष्कळदा पुरते नाव नसते. दोन अद्याक्षरे आणि एक आकडा, एवढेच. मग नक्षीवरून कारखाना शोधावयाचा. कारखान्याच्या जुन्या नोंदी हाती लागल्या असतील तर अमुक अद्याक्षरांच्या चकत्या कोणत्या गावी पाठविल्या, ते पाहावयाचे. त्या गावची त्या वर्षाची नावनिशी, आगीच्या विम्यासाठी केलेले रस्तोरस्तीचे नकाशे, वृत्तपत्रांतील परवान्याच्या जाहिराती, शेरीफाच्या वह्या, भागीदारी मोडल्याच्या नोटिसा, हे सारे ताडून पाहावयाचे. तेव्हा कोठे निष्कर्ष निघतो की, अमक्या रस्त्यावर अमक्या नंबरात एक क्लब इतके महिने होता आणि मग बंद पडला. माझ्यासारख्यास या पद्धतीचे कौतुक वाटते, कारण ती आमचीच पद्धत आहे. एक साक्षीदार बोलला म्हणून खटला सिद्ध होत नाही. दुसऱ्याने दुजोरा द्यावा लागतो. अमेरिकेतील संग्राहकांनी १९८८ साली आपली संस्था स्थापन केली, आणि केवळ नेव्हाडाच्या चकत्यांची 'द चिप रॅक' नावाची मोठी सूचीही सिद्ध झाली. तीत कित्येक क्लबांची नावे अशी आहेत की, जी अन्यत्र कोणत्याही इतिहासात सापडावयाची नाहीत.

अशा क्लबांत ज्यांची आठवण पुसली जाण्याची भीती सर्वांत अधिक होती, ते गोऱ्यांखेरीज इतरांचे क्लब. लास व्हेगसच्या मोठ्या हॉटेलांत १९४० आणि १९५० च्या दशकांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकास प्रवेश नव्हता. रंगमंचावर गाणारा कलावंत कृष्णवर्णीय चाले. परंतु गाणे संपले की त्याने रूळांपलीकडील 'वेस्टसाइड' वस्तीत झोपावयास जावे. त्या वस्तीत जॅक्सन रस्त्यावर त्यांचे स्वतःचे लहान लहान क्लब होते. रीनोत बिल फाँग या चिनी वंशाच्या गृहस्थांनी १९५२ साली 'न्यू चायना क्लब' काढला आणि त्याचे दार सर्व वर्णांना उघडे ठेवले. २४ मे १९५५ रोजी लास व्हेगसमध्ये 'मूलँ रूज' हे हॉटेल उघडले. गोरे आणि काळे एका मेजाशी बसू शकतील असे त्या शहरातील हे पहिले मोठे हॉटेल. मुष्टियुद्धाचा जगज्जेता जो लुई तेथे पाहुण्यांच्या स्वागतास उभा असे. मोठ्या हॉटेलांतले कलावंत आपला कार्यक्रम आटोपून मध्यरात्रीनंतर तेथे येत. आणि इतके असूनही ते वर्ष सरण्यापूर्वीच, अवघ्या काही महिन्यांत, त्याचा जुगारखाना बंद पडला.

परंतु गोष्ट तेथे संपली नाही. कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे स्थानिक अध्यक्ष, दंतवैद्य जेम्स मॅकमिलन यांनी निदर्शनांची हाक दिली. तेव्हा २६ मार्च १९६० रोजी याच मूलँ रूजमध्ये बैठक भरली, आणि मोठ्या हॉटेलांनी आपली दारे सर्वांस उघडण्याचे मान्य केले. २००३ सालच्या आगीत त्या वास्तूची मोठी हानी झाली आणि पुढे उरलेसुरलेही पाडण्यात आले. आज मूलँ रूजच्या चकत्या संग्राहकांत अत्यंत मोलाच्या मानल्या जातात. त्या दुर्मिळ आहेत म्हणून हे मोल, हे खरे. पण मला त्यांचे मोल दुसऱ्या कारणाने वाटते. एका मेजाशी कोणाला बसू द्यावयाचे, हा प्रश्न देवळाच्या पायरीशी ज्या समाजाने पाहिलेला आहे, त्याला ही चकती कळावयास अवघड जाऊ नये.

संग्रह करणाराने येथे सावध राहावे लागते. ज्या वस्तूस मोल आले, तिची नक्कल निघते. कधीच अस्तित्वात नसलेल्या क्लबांच्या नावाच्या चकत्या, खऱ्या क्लबाच्या नावाने मागाहून पाडलेल्या चकत्या, यांचा बाजारात सुळसुळाट आहे. १९६३ साली निघालेल्या कारखान्याच्या साच्यातली चकती १९३१ च्या क्लबाची म्हणून विकावयास ठेवलेली दिसली, तर घेणाराने काय समजावयाचे ते समजावे. याहून सूक्ष्म नक्कल म्हणजे गतकालाची. क्लबांच्या गोष्टी सांगताना नुसते संगीत, रोषणाई आणि चांदीचे डॉलर आठवावयाचे, आणि रॉय फ्रिश, वेस्टसाइडची वस्ती, पगाराचे पाकीट रिकामे करून घरी जाणारा धरणावरचा मजूर यांस वगळावयाचे, हीही एक बनावट चकतीच. १९५० साली सिनेटर कीफॉव्हर यांच्या समितीने लास व्हेगसला येऊन गुन्हेगारांच्या टोळ्यांचे या धंद्यातील हात उघड केले. तेव्हा कोठे १९५५ साली नियंत्रण मंडळ आणि १९५९ साली जुगार आयोग अस्तित्वात आला. हे सारे ज्या संग्रहात नाही, तो संग्रह पुराव्यातली आपल्याला सोयीची तेवढीच पाने पुढे करणाऱ्या वकिलासारखा होय.

हे सारे दूरदेशीचे पुराण गोव्यातल्या वाचकांस कशाला, असे कोणी म्हणेल. मी पणजीला मांडवीच्या काठाने संध्याकाळी चालतो तेव्हा पाण्यावर रोषणाई केलेली जहाजे दिसतात. त्यांच्या पोटात याच जातीच्या चकत्या हातोहाती फिरत असतात. गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि १९९६ साली पाण्यावरील जहाजांसाठी वाट काढण्यात आली. शेजारी महाराष्ट्राने १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा संमत केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली तो रद्दही केला. म्हणजे मनू आणि कौटिल्य यांचा वाद सीमेच्या दोन्ही अंगांस अजून चालूच आहे. १९५७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला यांच्या प्रकरणात ऋग्वेदापासून स्मृतींपर्यंतचे दाखले देऊन जुगार हा घटनेने रक्षिलेला व्यापार नव्हे, असे सांगितले. त्याच वर्षी नेव्हाडाच्या न्यायालयानेही जुगाराचा परवाना हा हक्क नसून सवलत आहे, असे मानले. जुगार उघडपणे चालविणारे राज्य आणि त्याकडे नाराजीने पाहणारे राष्ट्र, दोघेही एकाच वर्षी जवळजवळ एकाच ठिकाणी आले.

त्या जहाजांविषयी आपल्या समाजात दोन मते आहेत आणि ती दोन्ही मी देवळाच्या सभामंडपात ऐकली आहेत. जत्रेच्या रात्री कडेला मांडले जाणारे पट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा वाद नवा नाही. मत कोणतेही असो, एका गोष्टीबाबत दुमत नसावे. पन्नास वर्षांनी कोणी विचारील, मांडवीवर काय होते? कोण खेळले, कोण राबले, कोणाचे घर चालले आणि कोणाचे बुडाले? तेव्हा उत्तर देण्यास नुसते महसुलाचे आकडे पुरणार नाहीत. आकडे सरकार ठेवील; बाकीचे कोणीतरी आपण होऊन ठेवावे लागेल. नेव्हाडातही जे उरले, ते पुष्कळसे अशाच लोकांनी ठेवले, ज्यांस ते ठेवा असे कोणी सांगितले नव्हते.

माझी चकती अजून मेजावर आहे. बाराव्या नियमाप्रमाणे तिचा मालक मी नव्हे. जो मालक होता, तो आता नाही. तिच्यावरचे पाच डॉलर मला कोणी देणार नाही आणि ते मागावयास मी कधी जाणारही नाही. माझ्याकडे ती आहे, एवढाच माझा तिच्याशी संबंध. आपल्या गावच्या वेशीवर राखणदार असतो. त्याच्या नावावर एक-चौदाचा उतारा निघत नाही. तरी गावची राखण तोच करतो, असे आपण मानतो. या मातीच्या चकतीपुरते तेवढे काम माझ्याकडे आले आहे, आणि आता पक्षकाराने ते नाणे कुठल्या देशाचे, असे विचारले की मी पेन खाली ठेवतो आणि त्यास ही सारी हकीकत सांगतो.